प्राचीन ग्रीसचे अवशेष दोघांनी पाहायचे तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या जोडप्यांना निळ्या घुमटांपेक्षा पडलेल्या खांबांची ओढ जास्त आहे, त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर आणि नियम २०२५ मधले आहेत. निघण्याआधी ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावर ते एकदा ताडून पाहा.

एकूण किती दिवस हवेत?

सात रात्री. त्यात अथेन्स तीन, नाफ्प्लिओ दोन, ऑलिंपिया एक आणि डेल्फी एक. हा वर्तुळाकार रस्ता आहे, त्यामुळे आलेल्या वाटेनं परत यावं लागत नाही. अथेन्स ते नाफ्प्लिओ सुमारे १४० किलोमीटर. तिथून ऑलिंपिया गाडीनं अडीच-तीन तास. ऑलिंपियाहून उत्तरेला जाऊन रिओ-अँटिरिओ हा २००४ मध्ये सुरू झालेला, तिरक्या केबलींनी तोललेला पूल ओलांडला की साडेतीन-चार तासांत डेल्फी. तिथून अथेन्स १८० किलोमीटर.

पाचच दिवस असतील तर ऑलिंपिया वगळा आणि डेल्फीला मात्र एक रात्र ठेवा. प्रत्येक ठिकाणाचे तास कापून सगळंच कोंबण्यापेक्षा एक अख्खं ठिकाण सोडून देणं केव्हाही बरं. अवशेष बघायला वेळ लागतो, कारण निम्मी इमारत आपल्याला मनात उभी करावी लागते.

सांतोरिनी किंवा मिकोनोस जोडावं का?

आठ दिवसांत नको. पिरेअस बंदरातून सांतोरिनीला वेगवान बोटीनं पाच आणि मोठ्या फेरीनं आठ तास लागतात. येण्या-जाण्यात दोन दिवस जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हे उत्तरेचं वारं सुटलं की बोटी रद्दही होतात.

दिवस हाताशी असतील आणि बेट बघायचंच असेल, तर ज्या बेटावर अवशेष आहेत ते निवडा. क्रीटमध्ये हेराक्लिओनपासून पाच किलोमीटरवर क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आहे. तिथले लाल खांब आणि रंगवलेल्या भिंती उत्खनन करणाऱ्या आर्थर एव्हान्सनं १९०० नंतर काँक्रीटमध्ये उभ्या केलेल्या आहेत, हे आधी माहीत असलं की जुनं काय आणि नवं काय हे डोळा वेगळं करू लागतो. सांतोरिनीवरचं अक्रोतिरी हे इ.स.पू. १६०० च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव छपराखाली आहे, त्यामुळे भर उन्हातही बघता येतं.

सगळ्यात सुंदर मात्र डेलॉस. मिकोनोसच्या जुन्या बंदरातून बोटीनं अर्धा तास. बेटावर वस्ती नाही, रात्री राहू देत नाहीत आणि सावली जवळपास नाहीच. माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी घेऊन सकाळच्या पहिल्या बोटीनं जा, तीन तास फिरा. रांगेतले प्रसिद्ध सिंह बाहेर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात ठेवले आहेत.

कोणता महिना चांगला?

एप्रिलचा उत्तरार्ध, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. मे महिन्यात पडलेल्या खांबांमधून लाल खसखशीची फुलं उगवलेली असतात आणि संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत ठिकाणं उघडी असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ ते ४० अंशांवर जातो. उष्णतेची लाट आली की दुपारी साधारण १ ते ५ या वेळात अॅक्रोपोलिस, म्हणजे अथेन्समधली मंदिरांची टेकडी, बंद ठेवतात. २०२३ पासून हे उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा झालं आहे. त्या दिवसांत जावं लागलंच तर सकाळी आठची वेळ घ्या आणि दुपार संग्रहालयात काढा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोव्हेंबरपासून हिवाळी वेळापत्रक लागू होतं आणि बरीच ठिकाणं दुपारी तीन-साडेतीनला बंद होतात. एका दिवसात दोन मोठी ठिकाणं मग बसत नाहीत. त्या बदल्यात गर्दी नसते, आणि डेल्फीच्या दरीत ढग उतरलेले दिसतात.

ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख बघितल्याशिवाय एप्रिल-मेची तिकिटं काढू नका. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. त्या रविवारी सगळं बंद असतं आणि आधीच्या शुक्रवारी ठिकाणं दुपारीच उघडतात. याशिवाय १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर हे बंदचे दिवस.

व्हिसाचा अर्ज दोघांचा मिळून एकच चालतो का?

नाही. शेंगेन व्हिसासाठी दोघांचे स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र फोटो आणि प्रत्येकी ९० युरो शुल्क लागतं. भेटीची वेळ मात्र एकत्र घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठीचा असावा. गेल्या ५९ महिन्यांत बोटांचे ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा वापरतात.

जोडप्यांचे अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडतात. पहिलं म्हणजे खर्च एकाच्या खात्यातून होणार असतो, पण तसं पत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलेलं नसतं. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर काही बिघडत नाही, प्रमाणपत्र जोडलं की नातं स्पष्ट होतं. ते फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. दुसरं म्हणजे हॉटेलचं आरक्षण एकाच्याच नावावर असतं. दोघांचीही नावं त्यावर छापून घ्या.

इटली किंवा फ्रान्सही जोडणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

अॅक्रोपोलिसचं तिकीट कसं आणि कधी काढावं?

ऑनलाइन, तारीख आणि वेळ निवडून. दिवसाला सुमारे २०,००० माणसांची मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं आणि सात ठिकाणांचं जुनं एकत्रित तिकीट बंद झालं. जुन्या लेखांमध्ये त्या तिकिटाची शिफारस अजून वाचायला मिळते, ती सोडून द्या.

दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी ते पंधरा मिनिटं नंतर आत जाता येतं. उशीर झाला तर तिकीट वाया. खासगी संकेतस्थळं तेच तिकीट ध्वनिफितीसह चढ्या दरानं विकतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी पान सरकारी असल्याची खात्री करा. पायथ्याचं अॅक्रोपोलिस संग्रहालय वेगळ्या संस्थेचं असल्यानं त्याचं तिकीट वेगळं.

मोसमात सकाळी आठची वेळ तीन-चार आठवडे आधी घ्या. ती नाही मिळाली तर बंद होण्याच्या दोन-अडीच तास आधीची. अकरा ते दोन ही वेळ टाळा. बंदरात उतरलेल्या मोठ्या जहाजांचे गट तेव्हाच वर असतात.

कोणत्या दारानं चढावं?

आग्नेयेच्या, म्हणजे अॅक्रोपोली मेट्रो स्थानकाजवळच्या दारानं. तिथून दक्षिण उतारावरचं डायोनिससचं नाट्यगृह बघत चढता येतं. पश्चिमेचं मुख्य दार थेट वर नेतं, पण रांग तिथेच जास्त असते. चढताना एक आणि उतरताना दुसरं दार वापरलं की अॅरिओपॅगसच्या खडकावरून प्राचीन अगोराकडे, म्हणजे जुन्या बाजारचौकाकडे, उतरता येतं.

वरचा संगमरवर अडीच हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाला आहे. कोरडा असतानाही घसरतो, पावसाच्या शिंतोड्यानंतर तर फारच. रबरी खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. गुळगुळीत तळव्याच्या चपला आणि टाचेचे बूट हॉटेलात ठेवा. मोठ्या पाठपिशव्या आत नेऊ देत नाहीत. वर खायला काही मिळत नाही, पाणी भरून घ्या. अथेन्सचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

पार्थेनॉनसमोर उभं राहून नेमकं काय बघायचं?

अॅक्रोपोलिसवरच्या या मुख्य मंदिराच्या आधी पायऱ्या बघा. कोपऱ्यावर जाऊन सर्वांत वरच्या पायरीच्या रेषेत नजर लावा. ती सरळ नाही, मध्यभागी उंचावलेली आहे. लांब बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटर, आखूड बाजूंना सुमारे ६. खांबही आत किंचित कललेले आहेत आणि कोपऱ्यातले खांब इतरांपेक्षा थोडे जाड. एक जण एका टोकाला पायरीजवळ उभा राहिला आणि दुसऱ्यानं विरुद्ध टोकावरून डोळा पायरीच्या पातळीला आणून पाहिलं, तर मधल्या फुगीरपणानं पावलं झाकली गेलेली दिसतात. दोघांनी जाण्याचा हा एक सरळ फायदा.

मग रंग बघा. पिवळसर मधाळ दगड जुना, पांढराशुभ्र दगड दुरुस्तीतला. दोन्ही पेंटेली डोंगराचेच आहेत. जुन्या दगडातलं लोह हवेशी संयोग पावून तो रंग आला आहे. मूळ शिल्पं मात्र निळ्या-लाल रंगांत रंगवलेली होती, त्या रंगांचे अंश संग्रहालयात दिसतात.

हे मंदिर इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलं. इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस हे वास्तुविशारद, शिल्पकामावर देखरेख फिडियसची. नंतर ते चर्च झालं, मग मशीद झालं, आणि या सगळ्या काळात बऱ्यापैकी शाबूत होतं. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा आत साठवलेल्या तुर्की दारूगोळ्यावर पडला आणि मधला भाग उडाला. म्हणून दोन्ही टोकं उभी आणि मध्ये पोकळी असं चित्र आज दिसतं. उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्जिननं लंडनला नेली.

दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांच्या बघून हिरमुसू नका, त्यांच्यामागे मोठं कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत दगड सांधायला उघडे लोखंडी आकडे वापरले. प्राचीन कारागीर लोखंडावर शिसं ओतत, त्यामुळे ते गंजत नसे. नवं लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर आतून फुटला. आताचे लोक एकेक दगड उतरवून ते आकडे काढतात आणि त्यांच्या जागी टायटॅनियम बसवतात. एवढ्या चिकाटीनं केलेलं काम डोळ्यांसमोर चालू असताना दिसणं हेही भाग्यच.

दोन दिवसांनी सगळे दगड सारखेच वाटू लागतात. काय करावं?

चार-पाच खुणा ओळखायला शिका, मग तसं होत नाही.

खांबाच्या तुकड्याचा सपाट पृष्ठभाग वर आलेला दिसला तर मध्यभागी चौकोनी खाच शोधा. तिच्यात लाकडी ठोकळा आणि खुंटी बसवून वरचा तुकडा नेमका मध्यावर आणत. दोन दगडांच्या सांध्यावर इंग्रजी ‘आय’ किंवा ‘टी’च्या आकाराच्या खाचा दिसतात, त्या लोखंडी आकड्यांच्या. भिंतीवर वेडीवाकडी भोकं असतील तर नंतरच्या काळात कुणी तरी ते लोखंड आणि शिसं उकरून काढलं आहे. दगडावर बाहेर आलेले गुट्टे राहिले असतील तर काम अर्धवट सुटलं. अॅक्रोपोलिसच्या प्रवेशद्वारावर, म्हणजे प्रोपिलियावर, असे गुट्टे आहेत. इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटलं आणि त्यानंतर ती इमारत पूर्ण झालीच नाही.

खांबाला खाली बैठक नसेल आणि माथा साध्या उशीसारखा असेल तर डोरिक. माथ्यावर दोन वळ्या असतील तर आयोनिक. पानांचा गुच्छ असेल तर कोरिंथियन. देवळाचं तोंड सहसा पूर्वेला आणि वेदी बाहेर अंगणात. पूजा, बळी, गर्दी सगळं बाहेर होई, आत फक्त मूर्ती आणि ठेवी. त्यामुळे देवळापुढची मोकळी जागा ओलांडून घाईनं पुढे जाऊ नका, खरी वर्दळ तिथेच असायची.

अथेन्सच्या अगोरामधलं हेफाइस्टसचं मंदिर या सरावासाठी उत्तम. ते चर्च म्हणून एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिलं, म्हणून छताच्या बऱ्याचशा भागासह टिकलं. ते आधी नीट बघितलं की मोडलेलं मंदिर मनात पुरं करणं सोपं जातं.

आधी संग्रहालय की आधी अवशेष?

डेल्फी आणि ऑलिंपियाला ऊन चढण्याआधी अवशेष, मग संग्रहालय. नाफ्प्लिओजवळच्या मायसिनीचं मात्र उलटं करा. तिथल्या राजदफनांतलं सोनं अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, ते आधी बघून जा म्हणजे रिकामे खड्डे रिकामे वाटत नाहीत. ‘अॅगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून ओळखला जाणारा सोन्याचा मुखवटा तिथेच आहे. मायसिनीचं उत्खनन करणाऱ्या श्लीमनला तो १८७६ मध्ये सापडला. पण तो इ.स.पू. सोळाव्या शतकातला आहे, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही कितीतरी आधीचा. हे संग्रहालय मंगळवारी दुपारी एकला उघडतं, सकाळी जाऊन परत फिरावं लागेल.

दोघांपैकी एकालाच आवड असेल तर?

दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा, तेही सकाळी. दुपार आणि संध्याकाळ मोकळी. नाफ्प्लिओ मुक्कामासाठी सुचवतो तो यासाठीच. जुन्या गल्ल्या, समुद्राकाठचा रस्ता, पालामिदी किल्ल्याच्या पायऱ्या, पोहायला किनारा, सगळं चालण्याच्या अंतरावर आहे.

संग्रहालयात दोघांनी हातात हात घालून प्रत्येक पाटी वाचण्याचा हट्ट नको. भेटायची वेळ आणि जागा ठरवून वेगळे व्हा. आवड असलेल्यानं दुसऱ्याला शेवटी तीनच वस्तू दाखवाव्यात. डेल्फीत त्यांपैकी एक ब्राँझचा सारथी असावा. इ.स.पू. ४७० च्या दशकातला हा पुतळा नंतरच्या दरड-भूकंपात गाडला गेला म्हणून वितळवण्यापासून वाचला. त्याच्या जडावाच्या डोळ्यांभोवती तांब्याच्या पापण्या अजून आहेत. इतिहासात अजिबात रस नसलेलं माणूसही तिथे थबकतं.

मायसिनी आणि एपिडॉरस एका दिवसात होतात का?

नाफ्प्लिओत मुक्काम आणि हाताशी गाडी असेल तर आरामात. सकाळी आठला मायसिनी, दोन-अडीच तास. सिंहद्वार इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं. वरच्या त्रिकोणी शिळेवर सिंह का आहेत ते बघा. भिंतीचं वजन चौकटीच्या आडव्या दगडावर येऊ नये म्हणून तिथे त्रिकोणी पोकळी सोडली आणि ती पातळ शिळेनं झाकली. टेकडीच्या टोकाला जमिनीत उतरणारा पाण्याच्या टाक्याचा बोगदा आहे. उघडा असला तर विजेरी घेऊनच शिरा, पायऱ्या निसरड्या आणि काळोख पूर्ण.

अॅट्रियसचा खजिना नावाची घुमटाकार कबर खाली रस्त्यालगत वेगळ्या कुंपणात आहे. तिकीट तेच, म्हणून फेकू नका. बरीच माणसं ती बघायची विसरून पुढे जातात आणि ही मोठी चूक. दगडाचं प्रत्येक कडं खालच्यापेक्षा थोडं आत सरकवत सुमारे साडेतेरा मीटर उंचीचा घुमट साधला आहे. दारावरच्या आतल्या आडव्या दगडाचं वजन सुमारे १२० टन मानतात.

दुपारी चारनंतर एपिडॉरस. नाट्यगृहाच्या ५५ रांगा आणि चौदा हजारांच्या आसपास प्रेक्षक. मध्यावरच्या गोल दगडावर एकानं उभं राहून साध्या आवाजात बोलावं, दुसऱ्यानं वरच्या रांगेत बसून ऐकावं. बोलणं छान पोचतं. कुजबुज किंवा नाणं पडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो ही ख्याती मात्र अतिशयोक्त आहे. आयंडहोवन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये केलेल्या मोजणीत ती टिकली नाही. गटांची गर्दी असेल तर दहा मिनिटं थांबा, गट निघून जातात.

ऑलिंपिया एवढ्या लांब जाण्याजोगं आहे का?

आहे, रात्रभर राहणार असाल तर. अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे आठ-नऊ तास गाडीत.

झ्यूसच्या मंदिराचे खांब जमिनीवर चकत्यांच्या ओळीत पडलेले दिसतात. इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या भूकंपांनी ते पाडले. पुढे नद्यांच्या गाळानं जागा कित्येक मीटर खाली गाडली गेली, म्हणून दगड चोरीला गेले नाहीत. १८७५ मध्ये जर्मन उत्खनन सुरू झालं आणि १८७७ मध्ये हेराच्या मंदिरात हर्मिसचा पुतळा सापडला. फिडियसची कार्यशाळाही तिथे आहे. कमानीतून स्टेडियममध्ये शिरलं की दगडी प्रारंभरेषा दिसते, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत १९२ मीटर. सकाळी आठला पोचलात तर ती दोघांनाच मिळते, धावून घ्या.

डेल्फी एका दिवसात होतं का?

होतं, पण अपुरं. अथेन्सहून निघालेले गट साडेदहा-अकराला पोचतात आणि तीनपर्यंत परततात. रात्री गावात राहिलात तर सकाळी आठ ते दहा डोंगर तुमचा. चढ सलग आहे. अथेनियनांचा खजिना, अपोलोचं मंदिर, नाट्यगृह आणि सर्वांत वर स्टेडियम. बहुतेक लोक नाट्यगृहापासून माघारी फिरतात. अजून पंधरा मिनिटं चढा. रस्त्याच्या खालच्या अंगाला अथेना प्रोनाइआचं गोल देऊळ वेगळ्या आवारात आहे, त्याचे तीन खांब पुन्हा उभारले आहेत. ते संध्याकाळच्या उन्हासाठी ठेवा.

सूनिओनचा सूर्यास्त बसमधून जाऊन बघता येतो का?

येतो. अथेन्सपासून ७० किलोमीटर, केटीईएल अॅटिकाच्या बसनं सुमारे दोन तास. चढण्याआधी शेवटची परतीची बस चालकाला विचारून घ्या, मोसमाप्रमाणे ती बदलते. समुद्रदेव पोसायडनचं मंदिर समुद्रावर ६० मीटर उंच कड्यावर आहे, वारं जोराचं असतं, मे महिन्यातही जाकीट लागतं.

कोल्हापूरकरांना इथे वेगळी गंमत वाटेल. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात १९४० च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली, ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमन काळातल्या सागरी व्यापारातून ती आली. ग्रीसला जाण्याआधी ती बघून जावं.

गाडी घ्यावी की बस?

वर सांगितलेल्या वर्तुळासाठी गाडी. भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून न्या. वाहतूक उजव्या बाजूनं चालते. स्वस्त गाड्या हातानं गिअर बदलण्याच्या असतात आणि आपल्या सवयीच्या उलट हातानं ते करायला अर्धा दिवस जातो, म्हणून अथेन्समधून गाडी उचलायचीच तर विमानतळावरून उचला, शहराच्या मध्यातून नको. विमा पूर्ण घ्या. रिओ-अँटिरिओ पुलाचा टोल सुमारे १५ युरो, बाकी टोलनाके छोटे पण बरेच. नकाशा जवळचा म्हणून डोंगरी गावाच्या गल्लीत घालतो, महामार्गाचा पर्याय निवडा.

बसनं जायचं तर अथेन्समधली दोन स्थानकं नीट लक्षात ठेवा. नाफ्प्लिओसाठी किफिसोस, डेल्फीसाठी लिओसिऑन. ती एकमेकांपासून दूर आहेत आणि चुकीच्या जागी गेलात तर बस हमखास हुकते. मायसिनीची बस बहुधा फिख्ती फाट्यावर सोडते, तिथून अवशेष तीन-चार किलोमीटर. ऑलिंपियाला पिर्गोस इथे बस बदलावी लागते.

विमानतळावरून मेट्रोनं शहरात यायला ४० मिनिटं आणि माणशी ९ युरो. शहरातलं साधं तिकीट त्या मार्गावर चालत नाही, तपासणीत सापडलात तर दंड मोठा. मोनास्तिराकी स्थानकात खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. दोघांचे पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवू नका.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

छान भागतं. तेलात शिजवलेल्या भाज्यांचा ‘लादेरा’ हा अख्खा प्रकारच आहे. ब्रियाम म्हणजे बटाटा, वांगं, दुधी-काकडीच्या जातीची झुकिनी भट्टीत भाजून. गिगान्तेस म्हणजे टोमॅटोच्या रस्स्यातला मोठा पांढरा पावटा. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. होर्ता ही उकडलेली रानभाजी लिंबू पिळून देतात. पालकाची स्पानाकोपिता सकाळी कुठल्याही बेकरीत मिळते.

सांभाळायचं ते भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत आणि द्राक्षपानांच्या गुंडाळ्यांत. त्यांत कधी खिमा असतो. ‘होरिस क्रेअस’, म्हणजे मांसाशिवाय, असं विचारा. ‘निस्तीसिमो’ म्हटलं की चर्चच्या उपवासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध यांतलं काही नसलेलं मिळतं. पण त्यात कोलंबी-माकूळ चालतात, तेव्हा दोन्ही प्रश्न विचारा. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

अवशेषांमध्ये प्री-वेडिंग फोटो काढू देतात का?

परवानगीशिवाय नाही. मोबाइल किंवा हातातल्या कॅमेऱ्यानं आपले फोटो काढायला हरकत नाही. तिकाटणं, दिव्यांची सामग्री, लग्नाचे पोशाख, सोबत व्यावसायिक छायाचित्रकार असं दिसलं की पहारेकरी शिट्टी वाजवून थांबवतात. ड्रोनला बंदी. संग्रहालयात पुतळ्यांच्या शेजारी त्यांची नक्कल करत उभं राहिलेलंही चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

दगडाला टेकणं, त्यावर बसणं टाळा. खापराचा तुकडाही उचलू नका. ग्रीसमध्ये तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

दोघांचा तिकिटांचा आणि राहण्याचा जादा खर्च किती धरावा?

अॅक्रोपोलिस ६०, तिथलं संग्रहालय ४०, आणि अगोरा, मायसिनी, एपिडॉरस, ऑलिंपिया, डेल्फी प्रत्येकी ४०. म्हणजे दोघांचे साधारण ३०० युरो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये महिन्याचा पहिला रविवार, तसंच ६ मार्च, १८ एप्रिल, १८ मे, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार आणि २८ ऑक्टोबर या दिवशी सरकारी ठिकाणं मोफत असतात, गर्दीही तशीच.

हॉटेलच्या बिलाशिवाय एक सरकारी शुल्क तिथेच भरावं लागतं. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये प्रति खोली प्रति रात्र दोन ताऱ्यांपर्यंत २ युरो, तीन तारे ५, चार तारे १०, पाच तारे १५. कार्ड सगळीकडे चालतं. यंत्रानं ‘रुपयांत की युरोंत’ विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

गुडघे दुखत असतील तर?

अॅक्रोपोलिसच्या उत्तर बाजूला लिफ्ट आहे, चालण्याचा त्रास असलेल्यांसाठी आणि एका सोबत्यासाठी. आधी कळवून ठेवा. जोराच्या वाऱ्यात ती बंद असते. ऑलिंपिया जवळजवळ सपाट आहे. डेल्फी सगळ्यात कठीण, तिथे मंदिरापर्यंतच जा आणि वाचलेला वेळ संग्रहालयाला द्या. घडीची काठी घेऊन जा, उतरताना तिचाच उपयोग होतो.

पोचल्यावर ठिकाण बंद निघालं तर?

संप, उष्णतेची लाट, वणवा यांपैकी काहीही कारण असू शकतं. संपाची घोषणा बहुधा एक-दोन दिवस आधी होते, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या. अॅक्रोपोलिस पहिल्याच पूर्ण दिवशी ठेवा, म्हणजे ते हुकलं तरी हाताशी दोन दिवस उरतात. उतरल्या दिवशीची वेळ मात्र घेऊ नका. विमान उशिरा येतं, आणि सीमेवर आता बोटांचे ठसे नि चेहऱ्याची नोंद होत असल्यानं रांगेतही तास जाऊ शकतो.

बंद दारापुढे अडकलात तर फिलोपापोस टेकडीवर जा. तिला तिकीट नाही, पाइनची सावली आहे आणि पार्थेनॉन डोळ्यांच्या पातळीला दिसतं. गाडीच्या वर्तुळात मायसिनी बंद असेल तर नाफ्प्लिओच्या वाटेवरच्या तिरिन्सला थांबा. तिथल्या महाकाय दगडांच्या भिंती त्याच काळातल्या आहेत आणि मायसिनीची गर्दी तिथे नसते.